जावईबापूंचं कुपन

साबणाच्या वडीवर पाच टक्के सूट देणारं कुपन कुणीतरी खुर्चीवर बसून लिहीत असेल, असं माझ्या धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरेपर्यंत मला कधी वाटलं नव्हतं. कुपनं आपोआप उगवतात अशीच माझी समजूत होती. ती दाराच्या फटीतून आत येतात, चार दिवस टेबलावर लोळतात आणि एके सकाळी त्यांच्यावर कुणीतरी बटाटे सोलतं. मग मला साडू मिळाला. घरसामानाच्या दुकानांची एक मोठी साखळी आहे, तिच्या मुख्य कार्यालयात तो कुपन विभागाचा प्रमुख होता. दर महिन्याला घरोघरी जाणारी कुपनांची पुस्तिका तो काढायचा. वर मोठ्या अक्षरात सूट असायची. ती कुणीही लिहील, असं त्याचं मत होतं. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात अटी असायच्या. त्या तो जातीने लिहायचा, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"पण लोक वापरतात का रे खरंच?" मी त्याला पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

तो हसला. पोहायला न येणाऱ्याने समुद्राबद्दल काही विचारलं की नावाडी हसतो, तसं.

"शंभरातलं एखादं परत येतं. साडूसाहेब, कुपन वापरण्यासाठी नसतंच. ते मिळण्यासाठी असतं. आपल्याला काहीतरी मिळालंय असं माणसाला वाटलं पाहिजे. तेवढ्या आनंदात तो दुकानात येतो, भरपूर सामान घेतो आणि कुपन घरी विसरतो."

लोकांनी घरी विसरलेल्या कुपनांवर त्याचं उत्तम चाललं होतं. बढत्या मिळत होत्या. परत आलेल्या कुपनांचा आकडा जितका खाली, तितकी त्याची कॉलर वर.

आमच्या सासूबाईंना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. सासूबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, पण शाळेत त्यांचा दबदबा होता तो वेळापत्रकामुळे. वर्ग जास्त, शिक्षक कमी, प्रयोगशाळा एक, मैदान अर्धं, चित्रकलेचे सर एक दिवसाआड येणारे आणि संगीताच्या बाईंना चित्रकलेचे सर समोर दिसलेले न खपणारे. एवढ्यातून त्या दरवर्षी असं वेळापत्रक काढायच्या, की एकही तास रिकामा जात नसे आणि ते दोघे वर्षभर जिन्यातसुद्धा भेटत नसत. त्या निवृत्त झाल्यावर नव्या मुख्याध्यापिकेने तेच काम संगणकाकडून करून घेतलं. पहिल्याच सोमवारी चित्रकलेचे सर एकाच वेळी दोन वर्गांत निघाले.

निवृत्तीनंतर त्या डोक्याला काम उरलं नव्हतं. दोन्ही लेकींची कपाटं लावून झाली, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा दोनदा बदलून झाल्या. अशाच एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे चहाला जमलो होतो.

"जावईबापू," त्या साडूला म्हणाल्या, "लोक वापरतात का हो तुमची ती कुपनं?"

नेमका त्याच क्षणी त्याने उकळत्या चहाचा मोठा घोट घेतला होता. सासूबाईंसमोर तो बाहेर टाकता येईना, आत जाईना. शेवटी त्याने तो गिळला. डोळे डबडबले, आवाज चिरकला.

"कोणीच वापरत नाही, आई."

"कोणीच नाही?"

"जवळजवळ... कोणीच नाही."

हेच वाक्य तो ऑफिसात छाती पुढे काढून म्हणायचा. त्या दिवशी मात्र आयुष्य फुकट गेलेल्या माणसाने म्हणावं तसं ते बाहेर पडलं. सासूबाईंनी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. नंतर स्वयंपाकघरात त्यांनी धाकटीला हळूच विचारलं, "हा असा किती दिवस आतल्या आत कुढतोय गं?"

"कोण?" मोबाइलमधून मान वर न काढता धाकटी म्हणाली, आणि आमच्या लेखी विषय तिथे संपला.

सासूबाईंच्या लेखी तो तिथे सुरू झाला होता. पुढे जे घडलं ते आम्हाला फार नंतर कळलं.

त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर सभेसाठी म्हणून राखलेली एक खोली आहे. सभा तिथे कधी झालेली नव्हती. मोडक्या सायकली होत्या आणि कुणीतरी नेतो नेतो म्हणून न नेलेलं टेबल टेनिसचं टेबल होतं. पुढच्या महिन्याची पुस्तिका आल्याबरोबर सासूबाईंनी त्या टेबलाचं जाळं काढलं, त्यावर कागद जोडून जोडून एक अंथरूण केलं आणि पट्टीने चौकटी आखल्या. आडवे वार, उभी घरं. मग त्या जिन्यात उभ्या राहिल्या आणि येईल त्याला अडवू लागल्या.

"ही पुस्तिका कचऱ्यात टाकताय? माझ्या जावयाचं महिनाभराचं डोकं आहे ह्यात!"

"पण बाई, मला कपड्यांचा साबण नकोय," पहिल्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई म्हणाली.

"तुम्हाला नकोय, वरच्यांना हवाय. त्यांना सुईदोरा नकोय, तुम्हाला हवाय. द्या इकडे."

महिना संपता संपता इमारतीत एक कुपन वाया गेलं नव्हतं. ही गोष्ट जावयाच्या कानावर घालायची नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मदत झाल्याचं कळलं की माणूस खजील होतो. त्याला आपल्या कामाचं चीज झालेलं आपोआप दिसू दे, असा त्यांचा विचार.

त्याला ते दिसलं. त्या शाखेतून परत आलेल्या कुपनांचा आकडा पाहून त्याने आधी यंत्र तपासायला लावलं. यंत्र ठणठणीत निघालं. मग त्याने पुढच्या पुस्तिकेत अटी आवळल्या. सूट फक्त मंगळवारी, दुपारी दोन ते चार.

"जेवणानंतरचे दोन तास!" सासूबाई हरखून गेल्या. "वेळापत्रकातले सगळ्यात अवघड तास हेच. आणि बघा, बरोबर तेच धरलेत जावईबापूंनी. काय डोकं आहे!" त्यांनी माणसांच्या तुकड्या पाडल्या, पेंगणाऱ्यांना जागं करायला एकेक जोडीदार दिला, आणि मंगळवारी दोनच्या ठोक्याला अख्खी इमारत शाखेत हजर.

मंगळवार तसाच ठेवून साडूने पुढची अट काढली ती त्याच्या मते अभेद्य होती. तान्ह्या बाळाचा साबण आणि कुत्र्याचं खाणं एकत्र घेतल्यासच सूट. घरात बाळ आहे, कुत्राही आहे आणि तरी कुपन वाचायला फुरसत आहे, असं घर जगात नाही, असं त्याने नंतर मला समजावून सांगितलं. खरंच नाही. पण दुसऱ्या मजल्यावर बाळ होतं आणि चौथ्यावर कुत्रा होता. बाळ झोपलं की कुत्रा भुंकायचा, त्यामुळे त्या दोन घरांत बोलणं बंद होतं. सासूबाईंनी दोघांना एकाच खरेदीला पाठवलं. येताना पिशवी चौथ्या मजल्याने उचलली, आणि आता बाळ कुत्र्याशिवाय झोपत नाही म्हणे.

मग मोबाइलवर येणारा प्रोमो कोड आला. भलामोठा, अक्षरं आणि आकडे ह्यांची भेळमिसळ. तो गल्ल्यावर तोंडी सांगायचा, वाचून नाही. एकदा चुकला की बाद. सासूबाईंनी तो पाढ्यासारखा घोटून घेतला. त्या महिन्यात जिन्यात माणसं भेटली की 'काय, कसं काय' न म्हणता कोड म्हणायची.

इकडे साडूची झोप उडाली. शाखा सासूबाईंच्या घराशेजारची, म्हणून त्याने त्यांनाच फोन केला.

"आई, जरा लक्ष ठेवाल का? तिकडे कुपनांची कुणीतरी टोळी आहे. ओळखीची नसलेली माणसं घोळक्याने दिसतात का दुकानात?"

"नाही हो," सासूबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "मी तर दर मंगळवारी जाते. सगळी आमच्या इमारतीतलीच माणसं असतात."

तो 'बरं' म्हणाला आणि फोन ठेवला. धास्तावलेल्या माणसाला उत्तर मिळालं तरी ऐकू येत नाही.

शेवटी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी त्याला आत बोलावलं.

"तुम्ही म्हणाला होतात, लोक कुपनं वापरत नाहीत."

"नाहीतच वापरत, साहेब."

"मग हे कोण आहेत?"

साहेबांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की पुढच्या पुस्तिकेनंतर त्या शाखेचा आकडा पूर्वीइतका खाली आला, तर विभाग राहील. नाही आला तर कुपनं बंद, विभाग बंद, आणि साडूची रवानगी शहराबाहेरच्या गोदामात. तिथे खोकी उतरवून घ्यायला जबाबदार माणूस हवाच होता.

त्या मंगळवारी तो मला बरोबर घेऊन शाखेत गेला. टोळी अंगावर आली तर एकाला दोघं असलेले बरे, असं त्याचं म्हणणं. आम्ही डब्यांच्या मांडणीमागे दबा धरून बसलो. दोन वाजले. दार उघडलं आणि माणसं आत आली. ढकलाढकल नाही, आवाज नाही. प्रत्येकजण थेट आपल्या मांडणीकडे गेला, आपली वस्तू उचलली आणि रांगेत आपल्या जागी उभा राहिला. मी नोकरीनिमित्त बऱ्याच रांगा पाहिल्या आहेत. इतकी देखणी रांग पाहिली नव्हती. एकजण चष्मा विसरला होता, तर मागच्याने काही न बोलता आपला काढून दिला. त्याचं बिल झालं, चष्मा परत मागे. गल्ल्यावरच्या मुलीचा हात सुरात चालला होता.

आणि रांगेच्या टोकाला, हातात घड्याळ धरून, आमच्या सासूबाई.

साडूच्या तोंडून आवाज निघाला. तो कसला होता हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्यांनी तो ऐकला, वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई! जावईबापू स्वतः आले! अहो, हेच ते. हेच लिहितात सगळं."

रांगेने टाळ्या वाजवल्या. चौथ्या मजल्याने पुढे येऊन त्याचा हात हातात घेतला. निवृत्त होण्याआधी हवामान खात्यात असलेले आणि म्हणून हवामानकाका म्हणून ओळखले जाणारे एक गृहस्थ म्हणाले, "तो बाळ-कुत्रा तुमचाच ना? काय अट होती हो! आम्ही दोन रात्री विचार करत होतो."

"आता कुणी म्हणायचं नाही, की तुमची कुपनं कुणी वापरत नाही म्हणून," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले.

साडूने दोन्ही हात जोडले.

मग त्या आम्हाला तळमजल्याच्या खोलीत घेऊन गेल्या. टेबल टेनिसच्या टेबलावर ते वेळापत्रक पसरलेलं होतं, आणि मी त्याच्यासमोर टोपी घातलेली नसतानाही ती काढावी अशा मनःस्थितीत उभा राहिलो. कोण कुणाबरोबर जाणार, कोण कुणाच्या आजीला धरून नेणार, कुणाचं कुणाशी पटत नाही म्हणून मध्ये कोण चालणार, सगळं एका नजरेत दिसत होतं. मंत्रिमंडळं ह्याच्यापेक्षा ढिलाईने बनतात. पण साडू पाहत होता ते भिंतीकडे. तिथे सासूबाईंनी त्याच्या आजवरच्या सगळ्या अटी मोठ्या, फळ्यावरच्या अक्षरात लिहून लावल्या होत्या. काहींच्या बाजूला लाल शाईत 'वा!' असा शेरा होता.

परतताना गाडीत त्याने माझ्याकडे मान वळवली.

"साडूसाहेब," तो म्हणाला, "माझ्या अटी आजपर्यंत कुणी पूर्ण वाचल्याच नव्हत्या."

त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर खलबत झालं. दोघी बहिणी, तो आणि मी.

"सरळ सांग आईला," धाकटी म्हणाली. "नाहीतर मी सांगते. आई, बास कर, नवरा गोदामात चाललाय माझा."

"आणि मग?" माझी बायको म्हणाली. "आपण लेकीचा संसार बुडवला असं वाटेल तिला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तिने कशात तरी जीव घातलाय. पुन्हा कशाला हात लावायची नाही ती. तुम्ही काहीतरी बोला ना हो."

हे मला होतं. मी म्हणालो की गोदामातली हवा चांगली असते. दोघींनी मला विषयातून बाद केलं.

"नाही सांगायचं," साडू म्हणाला. "आईंना यातलं एक अक्षर कळता कामा नये. जायचंच आहे गोदामात, तर जातो. पण त्याआधी एकदा त्यांना सरळ कुपन देऊन जातो. कोडं नको, मंगळवार नको. आजवर ज्या माणसाने माझं सगळं वाचलं, त्याला एकदा तरी नुसती सूट."

"अरे, पण मग सगळेच वापरतील! आकडा आभाळाला लागेल," धाकटी म्हणाली.

"लागू दे."

धाकटीने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको नवऱ्याकडे असं पाहते, तेव्हा उरलेल्यांनी पाणी आणायला उठावं. मी उठलो.

परत आलो तेव्हा त्याने कागद पुढे ओढला होता. पण लिहिणं त्याला जमेना. 'कोणत्याही वस्तूवर दहा टक्के सूट' एवढं लिहिलं की हात आपोआप पुढे जायचा आणि 'मात्र' उमटायचं. धाकटीने ते खोडलं की 'वगळून' यायचं. 'वगळून' खोडलं की कोपऱ्यात एक बारीकशी चांदणी उगवायची.

"ही चांदणी कशाला?"

"अशीच. सवय."

"खाली काय लिहिणार आहेस तिच्या?"

"काही नाही."

"मग काढ."

चांदणी काढताना त्याच्या कपाळावर घाम होता. शेवटी कागदावर पाच शब्द राहिले. त्याने ते पुन्हा पुन्हा वाचले. घरातलं सामान हलवल्यावर खोली मोठी दिसते आणि जरा ओकीबोकीही, तसं त्याला वाटत असावं. फक्त त्या एका शाखेपुरती ती पुस्तिका छापली गेली.

ती वाटली गेली त्या दिवशी मी सासूबाईंकडे त्यांचा दिवा दुरुस्त करायला गेलो होतो. खाली खोलीत सगळे जमले होते, पण नेहमीसारखा गलका नव्हता. कुपन हातोहात फिरत होतं. हवामानकाकांनी ते उजेडासमोर धरलं, मग उलटं केलं.

"मागे काही नाही?"

"काही नाही."

"मग नक्कीच काहीतरी आहे," काका म्हणाले. त्यांनी आयुष्यभर निरभ्र आकाशाकडे अशाच नजरेने पाहिलेलं होतं.

"सगळ्याच वस्तूंवर सूट म्हणजे सगळाच माल जुना असणार," शिवणकामवाली म्हणाली. "खपत नसेल."

"मला तर हे कुणीतरी बनावट छापल्यासारखं वाटतंय. कंपनी असं कशाला करेल?"

"अहो, करेल!" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंनी काढलंय ते. चांगलंच असणार. फक्त जायचं आणि द्यायचं."

"कधी जायचं पण?"

"कधीही."

"कधीही म्हणजे... जाऊ की मग. बघू."

"हो, बघू. घाई थोडीच आहे."

एकेकजण उठला. चौथ्या मजल्याने कुपन खिशात घातलं आणि त्याच खिशात त्याचा रुमाल होता, हे पाहून मला त्या कुपनाचं पुढचं आयुष्य दिसलं. खोली रिकामी झाली. सासूबाई हातात पट्टी घेऊन कोऱ्या कागदासमोर बसून राहिल्या. वेळ नाही, वार नाही, जोड्या नाहीत. आखायचं काय?

"जावईबापूंची तब्येत बरी आहे ना हो?" त्यांनी मला विचारलं.

"उत्तम आहे. का?"

"नाही, ह्या वेळी काही घातलंच नाही त्यांनी. कष्टलेत का फार?" मग त्यांनी पट्टी खाली ठेवली. "असू दे. सगळ्यांचे सगळे दिवस सारखे नसतात. महिनाअखेरीला माझं सामान संपतं, तेव्हा पिशवी घेऊन या. आपण जाऊन येऊ."

महिनाअखेरीला शाखेत आम्ही दोघंच होतो. सासूबाईंनी चहाची पूड घेतली, भांडी घासायचा साबण घेतला आणि गल्ल्यावर कुपन ठेवलं. मुलीने ते वाचलं आणि खाली बघितलं. खाली काही नव्हतं.

"आजी, ह्याच्यावर अटी नाहीत."

"माहितीये."

"अटी नसतील तर आमचं नसणार. हे नाही चालायचं."

"चालेल. विचारा तुमच्या मॅनेजरला."

मॅनेजर आला. त्यानेही ते उजेडासमोर धरलं. माणसांच्या मनात उजेडाबद्दल फार आशा असतात. तो म्हणाला, "बाई, हे घेतलं आणि मुख्य कार्यालयाने नाकारलं, तर माझ्या अंगावर येईल."

"मग मुख्य कार्यालयाला विचारा," सासूबाई म्हणाल्या. आवाज शाळेतला होता. मॅनेजरच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. "ज्यांनी लिहिलंय त्यांनाच लावा फोन. मी थांबते."

त्या वेळी साडू कुठे होता हे त्याने नंतर सांगितलं. तो मोठ्या साहेबांच्या टेबलापलीकडे उभा होता आणि साहेब हसत होते. शाखेतला आकडा समोर होता. महिना संपत आला होता आणि त्या इमारतीतून, त्या गल्लीतून, कुठूनच काही परत आलेलं नव्हतं. शून्य. कुपनांच्या इतिहासात असं शून्य कुणी आणलेलं नव्हतं. साहेबांनी त्याला बसायला सांगितलं, जे ते सहसा कुणाला सांगत नसत. एवढ्यात साडूचा फोन वाजला. साहेब म्हणाले, घ्या, इथेच घ्या, आणि स्पीकर लावा. शाखेचाच आहे ना?

"साहेब," मॅनेजरचा आवाज खोलीत घुमला, "एक वयस्कर बाई आल्यात. ते विनाअटीचं कुपन घेऊन. हटूनच बसल्यात. नाही म्हणू ना? अजून एकही घेतलेलं नाहीये आपण."

साहेबांनी साडूकडे पाहून मान हलवली. नाही म्हणा. शून्य राहू दे. कशाला डाग?

साडू मला सांगत होता, की त्या क्षणी मागून बारीक आवाजात सासूबाई ऐकू आल्या. त्या मला म्हणत होत्या, "हो म्हणतील ते. त्यांचंच आहे."

"घ्या," साडू म्हणाला.

"घेऊ?"

"घ्या. कुपन खरं आहे. आणि त्यांना म्हणावं, धन्यवाद."

फोन बंद झाला. साहेबांनी चष्मा काढला.

"हे काय केलंत? शून्य होतं ना!"

"कुपन खरं होतं, साहेब."

"ओळखीच्या होत्या का?"

"हो. वाचक आहेत माझ्या."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग ते म्हणाले, की एकाने काही बिघडत नाही, आकडा खालीच आहे, विभाग राहील. आणि अटी काढून टाकण्याची ही युक्ती इतकी वर्षं तुम्हाला सुचली कशी नाही? छपाईची शाई वाचेल. पुढच्या महिन्यापासून सगळ्या शाखांत असंच कुपन जाऊ द्या.

तेव्हापासून तसंच जातं. दहा टक्के सूट, कोणत्याही वस्तूवर, खाली काही नाही. सगळ्या घरांत जातं, उजेडासमोर धरलं जातं आणि 'बघू' म्हणून ठेवलं जातं. साडूला बढती मिळाली. सासूबाईंनी ते वेळापत्रक गुंडाळून ठेवलं, पण टेबलावर जाळं बांधून इमारतीच्या स्पर्धा सुरू केल्या आहेत, आणि त्यांच्या जोड्या त्या ज्या हुशारीने पाडतात त्याबद्दल स्वतंत्र लिहावं लागेल.

महिन्यातून एकदा सासूबाई त्या शाखेत जातात. हल्ली साडू ऑफिसातून अर्धा दिवस काढतो आणि त्यांची पिशवी धरतो. परवा मीही बरोबर होतो. गल्ल्यावर तीच मुलगी होती. तिने आता कुपन न वाचताच घेतलं.

"आजी, एवढ्या मोठ्या शाखेत तुम्ही एकट्याच वापरता हे. दुसरं कुणी आणतच नाही."

सासूबाईंनी एकदा जावयाकडे पाहिलं, त्याला वाईट वाटलं असेल म्हणून. मग मुलीला म्हणाल्या, "आणतील गं. सरळ गोष्ट लोकांच्या लक्षात यायला वेळ लागतो. एकदा लक्षात आली ना, की रांग लागेल बघ इथे दारापर्यंत. हो की नाही हो, जावईबापू?"

ज्या दिवशी ती रांग लागेल त्या दिवशी त्याला गोदामात खोकी उतरवून घ्यायची आहेत, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

"हो, आई," तो म्हणाला. "लागायलाच पाहिजे."

त्याच्या आवाजात मी खोट शोधली. मला ती सापडली नाही.